रक्ताविना मासा: अँटीसेन्सने गाटा१ बंद करण्याच्या नोंदी, रत्नागिरी

३ जून २०२४

काम असं आहे. झेब्राफिश या छोट्या माशाच्या अंड्यात अँटीसेन्स ऑलिगो, म्हणजे जनुकाच्या आरएनएला (जनुकाच्या संदेशाला) चिकटून तो अडवणारा छोटा कृत्रिम तुकडा, टोचायचा, तांबड्या पेशी घडवणाऱ्या गाटा१ या जनुकाचं प्रथिन तयार होऊ द्यायचं नाही आणि तांबड्या पेशींचं काय होतं ते बघायचं. उत्तर आधीच ठाऊक आहे. गाटा१ बिघडलेल्या माशात रक्त वाहत नाही, आणि त्या उत्परिवर्ती माशाला व्लाद टेपेश (ड्रॅक्युलाच्या गोष्टीमागचा राजा) असं नावही मिळालेलं आहे. ठाऊक असलेलं उत्तर मी मुद्दाम निवडलं. आपली पद्धत बरोबर चालते की नाही हे ओळखीच्या प्रश्नावरच कळतं. किनाऱ्यावरच्या साध्या कॉलेजात, एमएस्सीच्या मुलांच्या हातून हे भरवशाने झालं, तर पुढे आपले स्वतःचे प्रश्न विचारता येतील.

हात तिघांचे: मी, लांज्याचा एक विद्यार्थी आणि पावसची एक विद्यार्थिनी. चौथे आमचे प्रयोगशाळेचे काका. खोली म्हणजे प्राणिशास्त्राच्या जुन्या संग्रहालयामागची अडगळ. प्राण्यांवरील प्रयोगांची परवानगी मिळायला नोव्हेंबर ते एप्रिल गेले. हे करू पाहणाऱ्याने अर्ज सगळ्यात आधी टाकावा, टाक्या नंतर घ्याव्यात. आम्ही उलट केलं आणि रिकाम्या टाक्यांना पाच महिने जागा दिली.

पेशी न घेता मासा का, असं दोघांनीही विचारलं. पेशी वाढवायला कार्बन डायऑक्साइडचा इनक्युबेटर लागतो, द्रव नायट्रोजन लागतो आणि न जाणारी वीज लागते. झेब्राफिशच्या गर्भाला २८.५ अंश लागतात, म्हणजे जवळजवळ कोकणातली हवाच. शिवाय गर्भ पारदर्शक असतो आणि पहिले काही दिवस त्याला पाण्यातून झिरपणारा ऑक्सिजन पुरतो, त्यामुळे रक्त नसलं तरी तो लगेच मरत नाही. रक्त नसण्याचा परिणाम बघायचा तर रक्ताविना जगणारा जीव हवा.

११ जून

ऑलिगोची ऑर्डर गेली. तीन मॉर्फोलिनो, म्हणजे पेशीत न तुटणारे कृत्रिम ऑलिगो, घेतले. पहिला गाटा१च्या आरंभ-कोडॉनच्या (जिथून प्रथिन बनायला सुरुवात होते त्या जागेच्या) आधीच्या भागावर बसणारा, प्रसिद्ध झालेल्या कामातला. दुसरा एक्सॉन (आरएनएचा राहणारा भाग) आणि इंट्रॉन (कापून टाकला जाणारा भाग) यांच्या सांध्यावर बसणारा, आम्ही आखलेला. तिसरा कंट्रोल, म्हणजे काहीच न अडवणारा, तुलनेसाठी. कस्टम आणि वाहतूक धरून १ लाख ३८ हजार रुपये. संपूर्ण प्रकल्पातला सगळ्यात मोठा खर्च हाच.

यातले ४५ हजार वाया जाता जाता वाचले. दुसऱ्या ऑलिगोचा क्रम मी स्वतः काढला होता. लक्ष्याच्या प्रत्येक अक्षरासमोर त्याचं पूरक अक्षर लिहिलं आणि तसंच फॉर्ममध्ये भरलं. पावसच्या मुलीने कागदावर दोन ओळी एकाखाली एक लिहून विचारलं, ‘मॅडम, पाच-प्राइम टोक कुठलं?’ म्हणजे क्रम वाचायला सुरुवात कुठल्या टोकाकडून. आरएनए आणि ऑलिगो उलट दिशांनी जुळतात. म्हणून पूरक अक्षरं लिहून झाली की ओळ मागून पुढे वाचायची. लक्ष्य ए-ए-जी-जी-सी-टी असेल तर मागवायचा क्रम ए-जी-सी-सी-टी-टी. मी भरला होता तो टी-टी-सी-सी-जी-ए. तो आला असता आणि कशालाच चिकटला नसता. आम्ही महिनाभर सुईला दोष देत बसलो असतो. दोन माणसांनी वेगवेगळ्या कागदांवर क्रम काढायचा आणि जुळला तरच ऑर्डर पाठवायची, असा नियम त्या दुपारी ठरला.

आमचे मासे शोभेच्या माशांच्या दुकानातले आहेत, प्रयोगशाळेतल्या वंशातले नाहीत. लक्ष्याच्या जागी त्यांच्यात एखादं अक्षर वेगळं निघू शकतं. म्हणून ऑर्डरआधी आठ माशांच्या शेपटीच्या परातून डीएनए काढून ऑलिगो बसतात ते दोन तुकडे वाचून घेतले होते. एका माशात पहिल्या जागेवर एक अक्षर वेगळं निघालं. तो मासा प्रजननातून काढून टाकला.

२४ जून

दहा दिवसांत ६० पैकी २३ मासे गेले. अमोनिया कमी, तापमान ठीक, तरी रोज सकाळी दोन-तीन मासे तळाला. मी आधी दुकानदाराला दोष दिला, मग खाद्याला.

काका टाकीची जाळी धूत होते. म्हणाले, ‘बाई, या विहिरीच्या पाण्यात साबण लय फेसाळतो, धुतला तरी हाताचा बुळबुळीतपणा जात नाय.’ तिथे डोक्यात आलं. आमची विहीर जांभ्यातली. पाणी मऊ, त्यात विरघळलेला चुना जवळजवळ नाही. माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू पाण्यातली क्षारता खातात, १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम. आमच्या पाण्यात मुळात शिल्लकच नव्हती. पीएच मोजला तर ५.८. तीन आठवडे कोणीही पीएच मोजला नव्हता, कारण विहिरीचं पाणी आम्ही सगळे पितो आणि ते चांगलं आहे असं धरून चाललो होतो.

उपाय मच्छीमार्केटमधून आला. तिसऱ्यांच्या शिंपल्या दीड किलो, दोनदा उकळून, घासून, उन्हात वाळवून जाळीच्या पिशवीत भरल्या आणि फिल्टरच्या वाटेत ठेवल्या. पाणी आंबट झालं की शिंपली विरघळते, पीएच वर आला की थांबते. आठ दिवसांत ७.२ वर स्थिर. खर्च शून्य. नीट उकळल्या नाहीत तर आतला मांसाचा अंश कुजून पाणी बिघडतं, तेवढं सांभाळा.

५ जुलै

अंडी मिळाली, पण चुकीच्या वेळी. झेब्राफिश पहाटे उजेड पडला की अंडी घालतो. १४ तास उजेड, १० तास अंधार, हे त्याचं घड्याळ. आमच्या खोलीच्या काचेतून कॉरिडॉरचा दिवा रात्रभर आत यायचा. मासे रात्री कधीतरी अंडी घालायचे आणि सकाळी आम्हाला शेकडो पेशींचे गर्भ मिळायचे. त्यात टोचलेलं सगळ्या पेशींत पोचत नाही, म्हणून काही उपयोग नाही. काचेला काळा कागद लावला, टाक्यांचे दिवे टायमरवर घेतले आणि टायमर इन्व्हर्टरवर. पावसाळ्यात पहाटे वीज जाणार हे धरूनच चालायचं.

अंड्यांच्या पेटीसाठी भाजी धुवायची प्लॅस्टिकची जाळीदार टोपली डब्यात बसवली. अंडी जाळीतून खाली पडतात, मासे वरच राहतात आणि ती खाऊ शकत नाहीत. नर-मादीमध्ये पट्टी लावून ठेवायची, सकाळी काढायची. वीस मिनिटांत अंडी. एका जोडीची शंभर-दीडशे.

१६ जुलै

सुया. काचेची केशनळी तापवून ओढायचं यंत्र आमच्याकडे नाही. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेने ४० सुया ओढून दिल्या. पेट्री डिशमध्ये प्लॅस्टिसिनच्या पट्टीवर टोचून लांज्याचा मुलगा त्या एसटीने कुंभार्ली घाटातून घेऊन आला. घरी पोचल्या तेव्हा ११ शाबूत होत्या. पुढच्या खेपेला जाड फोमला चिरा पाडून सुई मागच्या जाड भागाने त्यात धरली, टोक हवेत. तेव्हा ४० पैकी ३७ आल्या.

दाबासाठी शोभेच्या टाकीचा हवापंप लावून बघितला. सुईच्या टोकातून काही बाहेर आलं नाही. वेल्डिंगच्या गॅसवाल्याकडून नायट्रोजनचा लहान सिलिंडर आणला, रेग्युलेटर लावला, पुढे सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि तो उघडायला एक साधं टायमर सर्किट. पायाने बटण दाबलं की ८० मिलिसेकंद झडप उघडते. सगळं मिळून १४ हजार. विकतच्या यंत्राच्या किमतीचा विचारही आमच्या आवाक्यात नव्हता.

२४ जुलै

आठवडाभर फक्त फिनॉल रेड हा लाल रंग मिसळलेलं पाणी टोचलं. ऑलिगो न घालता हात तयार करणं कंटाळवाणं आहे, पण ते टाळू नका. अंडी पेट्री डिशच्या उलट्या झाकणात काचपट्टीच्या कडेला रांगेत लावायची, जास्तीचं पाणी काढून घ्यायचं म्हणजे ती हलत नाहीत. पहिल्या दिवशी ८० पैकी १९ जगली. सातव्या दिवशी ८० पैकी ७१.

थेंब मोजायला फार जपावं लागतं. मायक्रोमीटरच्या काचेवर खनिज तेलाचा थेंब ठेवून त्यात सुईचा थेंब सोडायचा आणि व्यास बघायचा. ०.१२५ मिलिमीटर व्यास म्हणजे एक नॅनोलिटर. व्यास पाव पटीने वाढला की आकारमान जवळजवळ दुप्पट होतं, आणि डोळ्याला तो पाव हिस्सा फारसा जाणवत नाही. प्रत्येक नव्या सुईला आणि टोक तुटलं की पुन्हा, थेंब मोजायचाच.

३० जुलै

ऑलिगो आले. पांढरी पूड, कुपीच्या तळाला दिसेल न दिसेल एवढी. पाण्यात विरघळवून १ मिलिमोलर साठा केला. सवयीने मी तो फ्रीजमध्ये ठेवला, आणि दोन दिवसांनी तळाला गाळ. मॉर्फोलिनो साध्या डीएनएसारखा नाही. त्याचा पाण्यातला साठा घट्ट बंद कुपीत खोलीच्या तापमानालाच ठेवायचा. ६५ अंशांवर दहा मिनिटं गरम केल्यावर गाळ विरघळला. आता टोचण्याआधी दरवेळी गरम करतो.

कंट्रोलच्या कुपीवरचा कागद वाचताना पावसची मुलगी थांबली. हा सर्वत्र वापरला जाणारा कंट्रोल ऑलिगो माणसाच्या बीटा-ग्लोबिन जनुकातल्या एका बिघाडावर बेतलेला आहे, ज्या बिघाडाने बीटा थॅलेसेमिया होतो. माशात तो क्रम नाही, म्हणून तो माशात काही करत नाही. तिच्या मामेभावाला थॅलेसेमिया आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. ती बराच वेळ ती कुपी हातात धरून उभी होती. हे काम मुलांकडून का करून घ्यायचं, याचं उत्तर मला त्या वेळी कुठल्याही प्रस्तावात लिहिता आलं नसतं इतकं स्पष्ट दिसलं.

६ ऑगस्ट

गाटा१चा पहिला डोस टोचला. २८ तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली ६४ पैकी ६१ गर्भांत एकही रक्तपेशी वाहत नव्हती. न टोचलेल्यांत शेपटीपर्यंत रक्त धावत होतं. आम्ही तिघांनी पेढे वाटले. मी विभागप्रमुखांना फोटो पाठवले.

९ ऑगस्ट

ते फोटो मागे घेतले.

न टोचलेले गर्भ इनक्युबेटरमध्ये २८.५ अंशांवर होते. टोचलेले मात्र सतत बघता यावेत म्हणून सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत ठेवले होते, जिथे एसी २५ वर असतो. झेब्राफिशच्या वाढीचा वेग तापमानावर ठरतो. त्याचं सूत्र आहे: तापमानाला ०.०५५ ने गुणायचं आणि ०.५७ वजा करायचे. २८.५ला उत्तर जवळपास १ येतं, २५ला ०.८०५. म्हणजे २५ अंशांवरचे २८ तास हे खऱ्या हिशेबाने साडेबावीस तास. रक्त वाहू लागतं ते साधारण २४ ते २६ तासांच्या सुमाराला. आमच्या ‘रक्त नसलेल्या’ गर्भांत ते अजून सुरूच व्हायचं होतं.

ताडून बघायला कंट्रोल ऑलिगो टोचलेले गर्भ त्याच एसीत ठेवले. २८ तासांना त्यांच्यातही रक्त नाही. ३६ तासांना आलं.

त्या दिवसापासून दोन नियम. टोचलेले, कंट्रोल टोचलेले आणि न टोचलेले, तिन्ही एकाच ट्रेमध्ये, एकाच कप्प्यात. आणि वय घड्याळावर नाही, गर्भावर मोजायचं: सोमाइट (पाठीवरचे खंड) किती, डोळ्यात रंग आला का, शेपटी किती सरळ झाली. मुलांना वाईट वाटलं. मलाही. पेढे वाटून झाले होते.

मी त्यांना सांगितलं की अँटीसेन्सच्या कामात ही चूक पहिल्या दिवसापासूनची आहे. १९७८ साली झॅमेक्निक आणि स्टीफन्सन यांनी राउस सार्कोमा विषाणूविरुद्ध १३ अक्षरांचा डीएनएचा तुकडा वापरला, तिथून ही वाट सुरू झाली. १९८८ मध्ये गेविर्ट्झ आणि कॅलाब्रेटा यांनी सी-मिब या जनुकाविरुद्धचा तुकडा माणसाच्या अस्थिमज्जेतल्या पेशींवर वापरून रक्तनिर्मिती अडते हे दाखवलं. पुढे १९९५ मध्ये स्नायुपेशींवर काम करणाऱ्यांच्या लक्षात आलं की तिथे सी-मिबविरुद्धच्या तुकड्याचा परिणाम अँटीसेन्सचा नव्हताच; त्याच्यातले चार सलग ‘जी’ वेगळंच काही करत होते. परिणाम दिसला म्हणजे आपण समजतो त्याच कारणाने दिसला, असं होत नाही. हे पुस्तकात वाचून मला माहीत होतं, तरीही ६ तारखेला मी ते विसरले.

२१ ऑगस्ट

डोस. पहिल्या दिवशी ८ नॅनोग्रॅम देतोय असं वाटत होतं. सुईचं टोक मधेच तुटलं होतं आणि नंतर मोजलं तर दुपटीहून जास्त जात होतं. त्या गर्भांचं डोकं करडं, धुरकट झालं होतं. मॉर्फोलिनो जास्त झाला की पी५३ या, बिघडलेल्या पेशींना मारणाऱ्या प्रथिनाच्या वाटेने मेंदूतल्या पेशी मरू लागतात, ते २००७ साली दाखवलं गेलेलं आहे. डोकं धुरकट दिसलं की तो गर्भ रक्ताच्या मोजणीत धरायचा नाही.

२, ४ आणि ८ नॅनोग्रॅम करून बघितले. २ला जेमतेम फरक. ४ला रक्त जवळजवळ नाही आणि डोकं स्वच्छ. ८ला रक्त नाही, पण तिसऱ्या हिश्श्याचं डोकं धुरकट. ४ पक्का केला.

२९ ऑगस्ट

हिमोग्लोबिनसाठी ऑर्थो-डायनिसिडिनचा रंग. हिमोग्लोबिन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की गर्द तपकिरी-लालसर रंग येतो. दोन दिवसांच्या गर्भांवर केला. गाटा१वाल्यांत रंग नाही. अपेक्षित. पण कंट्रोलमध्येही रंग नाही, आणि त्यांच्यात रक्त धावताना आम्ही पंधरा मिनिटांपूर्वी बघितलं होतं.

पेरॉक्साइडची बाटली मार्चमध्ये आणलेली, मे महिन्याच्या उकाड्यात पत्र्याखालच्या स्टोअरमध्ये पडलेली. तिचं नुसतं पाणी झालं होतं. नवी बाटली आणली, रंग पहिल्या पाच मिनिटांत आला. आता प्रत्येक वेळी गाळणकागदावर रक्ताचा एक वाळका थेंब सोबत रंगवतो. तो रंगला नाही तर बाकी काही बघायचंच नाही. समजा ९ ऑगस्टआधी आम्ही हा रंग फक्त टोचलेल्या गर्भांवर करून बघितला असता, तर खोट्या निकालाला खोटा पुरावा मिळाला असता.

हे रसायन कर्करोगकारक असल्याचा संशय आहे. हातमोजे दुहेरी, टाकाऊ द्रव वेगळ्या बाटलीत, बेसिनमध्ये थेंबही नाही. मुलांना एकट्याने करू देत नाही.

४ सप्टेंबर

शनिवारी गणपती. मुलं घरी जाणार, मीही जाणार. कोकणात या आठवड्यात कोणालाही कामावर थांबवता येत नाही आणि थांबवूही नये. काकांचा गणपती कॉलेजपासून दहा मिनिटांवर, दीड दिवसाचा. नंतर मासे ते बघतील. आर्टेमिया (माशांच्या खाद्यासाठीचे खाऱ्या पाण्यातले बारीक जीव) काढायला आधी समुद्राचं पाणी आणायचो, पण पावसात भाट्याच्या खाडीतून गढूळ पाणी येतं, म्हणून खडेमिठाच्या पुड्या मोजून ठेवल्या. १३ तारखेपर्यंत टोचणं बंद.

२० सप्टेंबर

आज नीट दिसलं.

एकाच ट्रेमधले, एकाच वयाचे, चारही गट. ४ नॅनोग्रॅम पहिला ऑलिगो: ९६ पैकी ८४ गर्भांत रक्तपेशी नाहीत. कंट्रोल ऑलिगो: ९० पैकी ८७ मध्ये रक्त व्यवस्थित. न टोचलेले: सगळे व्यवस्थित. दुसरा, सांध्यावरचा ऑलिगो: ८८ पैकी ६३ मध्ये रक्त नाही किंवा अगदी तुरळक. दोन वेगवेगळ्या जागांवर बसणाऱ्या ऑलिगोंनी एकच परिणाम दिला, हे महत्त्वाचं.

हृदय चालू आहे, ठोके नियमित. वाहिन्या तयार आहेत. पोटाच्या पिवळ्या बलकावरून जिथे लाल धार सरकायला हवी तिथे फक्त काचेसारखा द्रव. लांज्याचा मुलगा अर्धा तास सूक्ष्मदर्शकावरून उठला नाही.

एक तांत्रिक गोष्ट, कारण तिच्यावर आमचे ९ हजार गेले. पहिल्या ऑलिगोने गाटा१चा आरएनए कमी झाला का हे आरटी-पीसीआरने (आरएनएच्या प्रती वाढवून तपासायच्या पद्धतीने) बघायला गेलो. फरक दिसला नाही आणि आम्ही घाबरलो. तो दिसावा अशी अपेक्षा धरणंच चूक होतं. हा ऑलिगो आरएनए तोडत नाही, फक्त राइबोसोमला, म्हणजे प्रथिन बनवणाऱ्या यंत्रणेला, अडवतो. आरएनए जागच्या जागी असतो, प्रथिन होत नाही. आरटी-पीसीआर करायचा तो सांध्यावरच्या ऑलिगोसाठी, तिथे पट्टीचा आकार बदलतो. आमच्याकडे बदलला.

१६ ऑक्टोबर

आता सगळ्यात अवघड पायरी. ऑलिगोसोबत गाटा१चा आरएनए बाहेरून द्यायचा; रक्त परत आलं तर परिणाम खरोखर गाटा१चा. गाटा१चा सीडीएनए (आरएनएवरून केलेली डीएनएची प्रत) पीसीएस२ प्लस या वाहकात (जनुक ठेवायच्या डीएनएच्या वर्तुळात) बसवलेला होता, नॉट-वन या एंझाइमने कापून एसपी६ या एंझाइमने कॅपसह (आरएनएच्या टोकावरच्या टोपीसह) आरएनए तयार केला. टोचला. रक्त परत आलं नाही.

तीन आठवडे गेले. आरएनए तुटतोय असं धरून सगळं पुन्हा केलं. घामाचे हात, दमट हवा, टेबलावरचे एंझाइम, सगळ्यांवर संशय घेतला. नवे टिप, नवं पाणी, दोनदा नवा आरएनए, दरवेळी जेलवर स्वच्छ पट्टी. आरएनए मात्र एकपेशी अवस्थेत, थेट पेशीतच द्यावा लागतो म्हणून पहाटे पाचपासून तीघं बसायचो. कॅपच्या किटचे १८ हजार संपले.

काल पावसच्या मुलीने जूनमधला तोच उपाय केला. ऑलिगोचा क्रम आणि आमच्या वाहकातला क्रम कागदावर एकाखाली एक लिहिले. सगळीच्या सगळी २५ अक्षरं जुळली. सीडीएनए आम्ही पूर्ण घेतला होता, आरंभ-कोडॉनच्या आधीच्या भागासकट. ऑलिगो नेमका त्याच भागावर बसतो. म्हणजे गर्भातला गाटा१ जसा तो अडवत होता तसाच आम्ही दिलेलाही अडवत होता.

६ नोव्हेंबर

दिवाळीनंतर पहिली खेप. फक्त आरंभ-कोडॉनपासून पुढचा भाग नव्याने वाहकात घातला. ऑलिगोची जागा त्यात नाही. जुना आरएनए फेकायला निघाले होते, मग हात थांबला. दोन्ही शेजारी शेजारी वापरले, डोस सारखाच, ८० पिकोग्रॅम.

ऑलिगो आणि जुना आरएनए: ८६ पैकी ५ गर्भांत रक्त. ऑलिगो आणि नवा आरएनए: ९० पैकी ४१ मध्ये रक्त वाहतंय, बहुतेकांत कमी, पण वाहतंय.

दोन्ही आरएनए एकच प्रथिन तयार करतात. फरक फक्त त्या २५ अक्षरांचा. ती असली की ऑलिगो अडवतो, नसली की अडवू शकत नाही. आम्ही मुद्दाम आखूनही याहून चांगला कंट्रोल आखला नसता. ऑलिगो आपल्या जागीच बसतोय याचा इतका सरळ पुरावा आम्हाला त्या तीन आठवड्यांच्या चुकीने दिला. जुना वाहक आता लेबल लावून जपून ठेवला आहे. ज्यांना ही पद्धत बसवायची आहे त्यांनी दोन्ही वाहक सुरुवातीपासूनच करून घ्यावेत.

पूर्ण नाही, निम्म्याच गर्भांत रक्त आलं. टोचलेला आरएनए सगळ्या पेशींत पसरतो आणि हळूहळू विरतो, गर्भाचा स्वतःचा गाटा१ मात्र योग्य पेशींत, योग्य वेळी चालू होतो. यापेक्षा जास्त डोस दिला तर गर्भच बिघडतात; १५० पिकोग्रॅमला निम्मे वाकडे निघाले.

२२ नोव्हेंबर

खर्च आजपर्यंत: ऑलिगो १ लाख ३८ हजार, टाक्या, पंप आणि दिवे ४१ हजार, नायट्रोजन आणि व्हॉल्व्ह १४ हजार, किट आणि एंझाइम ५२ हजार, डीएनए वाचून घेणं ११ हजार, इतर रसायनं साधारण १६ हजार. सूक्ष्मदर्शक कॉलेजचा होता. एकूण पावणेतीन लाखांच्या जवळ. यातले निदान ४० हजार आमच्या चुकांचे. वेळेचा हिशेब वेगळा: सहा महिन्यांपैकी अडीच महिने.

आता गाटा१ नसलेल्या त्या पेशींचं काय होतं ते बघतो आहोत. २००५ साली दोन गटांनी दाखवलं की त्या मरून जात नाहीत, वाट बदलतात आणि पांढऱ्या पेशींच्या, मायलॉइड बाजूला जातात. त्यासाठी सुदान ब्लॅक वापरतोय. स्वस्त रंग, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमधले कण काळे करतो, काळे ठिपके मोजता येतात. पहिल्या नजरेला गाटा१वाल्यांत ठिपके जास्त वाटतात. पण ‘वाटतात’ यावर मी ६ ऑगस्टनंतर विसंबत नाही.

म्हणून कुप्यांवरची नावं काकांनी कागदाने झाकून त्यांच्या आकड्यांनी बदलली आहेत. कुठला आकडा कुठल्या गटाचा ती यादी त्यांच्या कपाटात. दोन्ही मुलं स्वतंत्रपणे मोजतात, एकमेकांचे आकडे बघत नाहीत. ६० गर्भ मोजायचे ठरले आहेत. आजवर २२ झाले. साठावा मोजून झाल्याशिवाय कपाट उघडायचं नाही.

१४ डिसेंबर

६० झाले. दोघांच्या मोजणीत जिथे पाचाहून जास्त ठिपक्यांचा फरक होता ते सात गर्भ तिसऱ्यांदा मी मोजले. मग काकांनी यादी दिली. कंट्रोलमध्ये गर्भामागे सरासरी ३१ ठिपके, गाटा१च्या ऑलिगोवाल्यांत ५८. नव्या आरएनएने रक्त परत आलेल्यांत ३९.

उद्यापासून सांध्यावरच्या ऑलिगोने हीच मोजणी.